विजार घातलेला बगळा

ग्रेसिया: ओहोटी लागायला आलीय, आणि तू याला पाणी पाजत बसलीयस.

तॅम्सिन: तहानेने जीव चाललाय त्याचा. जीभ बघ किती सुकलीय, बोलताना टाळ्याला चिकटते.

ग्रेसिया: शिपाई आहे तो, तॅम्सिन. गव्हर्नरविरुद्ध बंडात गेलेल्या तुझ्या नवऱ्याला फासावर चढवायला राजाने समुद्रापलीकडून पाठवलेला, तुझ्याच घरात आणून ठेवलेला शिपाई.

तॅम्सिन: माहीत आहे मला. हळू बोल, ऑड्री आत्ता कुठे झोपलीय.

हम्फ्री: पीस खाली पडू देऊ नका. पडलं की परत हिवाळा येतो.

तॅम्सिन: नाही पडू देत. फुंक तू, फुंक. हळू.

ग्रेसिया: सकाळपासून हेच चाललंय?

तॅम्सिन: काल दुपारी जेवण झालं तेव्हापासून. आधी तिघंही हसायला लागले, कशाला ते कळेना. मग एक जण कपडे काढून कोपऱ्यात जाऊन बसला आणि येईल त्याला दात दाखवायला लागला. दुसरा खांबाला मिठी मारून त्याचे मुके घेत होता, 'मार्था, मार्था' करत. त्या दोघांना मी तंबाखूच्या कोठारात घालून बाहेरून अडसर लावलाय. हा गरीब आहे बिचारा. फक्त पीस फुंकतो.

ग्रेसिया: आवाज ऐकला मी येताना. मला वाटलं कोठारात बोकड आणून बांधलाय.

तॅम्सिन: तोच तो. मार्थावाला.

ग्रेसिया: आणि खाल्लं काय यांनी?

तॅम्सिन: पाला. कोठारामागच्या उकिरड्यावर उगवलाय ना कोवळा कोवळा, तो. यानेच खुडला टोपीभर. म्हणाला, आमच्या गावी याची भाजी करतात, आई डुकराची चरबी घालून करायची. त्याला तो चाकवत वाटला.

ग्रेसिया: उकिरड्यावरचा? अगं, तो तर धोतरा.

तॅम्सिन: हं.

ग्रेसिया: इथल्या शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत त्याला. महिनोन् महिने जहाजात खारवलेलं मांस चघळून आलेली माणसं ही, हिरवं दिसलं की तुटून पडतात. तू कुठे होतीस तेव्हा?

तॅम्सिन: इथेच. मुलीला पाजत होते.

ग्रेसिया: हं.

तॅम्सिन: नुसतं हं काय करतेस?

ग्रेसिया: काही नाही. देवाला कधी कधी आमचीही आठवण येते, एवढंच म्हणते. आता ऐक नीट. खाडीच्या तोंडावर पहारा कुणाचा होता? या तिघांचाच. आज तिथे कुणी नाही. मोठं गलबत वर जेम्सटाउनकडे गेलंय, बंडात जळलेल्या त्या गावात साहेबलोकांसाठी लाकूड घेऊन. मला मालकिणीने मीठ आणायला पाठवलंय, होडी देऊन. होडीत मीठ नाही. होडीत लव्हाळ्यांच्या मोळ्या आहेत आणि मोळ्यांखाली आमचा मिंगो आहे.

तॅम्सिन: मिंगो? त्याच्या पायात तर बेडी होती.

ग्रेसिया: होती.

तॅम्सिन: आणि टोबायस?

ग्रेसिया: त्याला आत्ताच भेटून आले. पाणथळीतल्या त्या उंचवट्यावरच बसलाय, तू म्हणालीस तिथेच. दाढी छातीपर्यंत, गुडघ्यापर्यंत चिखल, पण धड आहे. तू खुंटावर ठेवतेस ती पेज मिळते म्हणाला. रोज गार मिळते, पण मिळते.

तॅम्सिन: ताप?

ग्रेसिया: उतरलाय. म्हणाला, तॅम्सिन आणि पोरगी आल्याशिवाय मी होडीत पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, मग बस इथेच बेडकं मोजत. मग जरा नरमला. तुला आणायलाच पाठवलंय मला. ओहोटीबरोबर खाली जायचं, मोठी नदी कडेकडेने ओलांडायची, आणि मग दक्षिणेची ती अफाट दलदल. तिच्यापलीकडे आल्बमार्लची वस्ती. तिथे कुणी कुणाला विचारत नाही म्हणे, तू कुठला आणि कुणाचा. उठ. काय घ्यायचं ते घे.

हम्फ्री: ताई, ही काळी राणी कोण?

ग्रेसिया: ऐकलंस? शुद्धीत असता तर काय म्हणाला असता हा मला.

तॅम्सिन: ही ग्रेसिया आहे, हम्फ्री. आम्ही दोघी एकाच घरात राबायचो. माझी कराराची मुदत भरली, मी सुटले.

ग्रेसिया: आणि माझी मुदत लिहायलाच विसरले ते.

हम्फ्री: माझी ताईसुद्धा अशीच दारात बसते. तिच्या मागे डोंगर असतो. तुझा डोंगर कुठे गेला, ताई?

तॅम्सिन: इथे डोंगर नाहीत रे. पाणीच पाणी सगळं.

हम्फ्री: धुतला असेल कुणीतरी.

ग्रेसिया: कधीपासून ताई झालीस याची?

तॅम्सिन: रात्रीपासून. आधी आई होते. डोळे बघितलेस त्याचे? नुसती बुबुळं उरलीत, काळीभोर. उजेड सोसत नाही म्हणून तोंड सावलीकडे करून बसवलंय. पहाटे जरा माझा डोळा लागला, तर हा उठून खाडीत शिरला, बूट घालून. मेंढ्या पाण्यात गेल्यात म्हणाला. कमरेपर्यंत पाणी आलं होतं गं. मी एका हातात पोर आणि दुसऱ्या हाताने याची कॉलर धरून, कसा ओढला ते माझं मला ठाऊक.

ग्रेसिया: सोडायचा होतास.

तॅम्सिन: तू सोडला असतास?

ग्रेसिया: मी झोपले असते. तुला झोपायला येत नाही हाच तुझा रोग आहे. पोर श्वास घेते की नाही ते बघायला दहादा उठतेस. तुझं बाळंतपण केलं तेव्हापासून बघतेय.

तॅम्सिन: तिच्या छातीत घरघर आहे.

ग्रेसिया: सगळ्याच पोरांच्या छातीत असते. चल.

तॅम्सिन: ग्रेसिया, रविवारी चर्चच्या दारात वाचून दाखवलं. जे येतील, गळ्यात दोर अडकवून गुडघे टेकतील आणि चुकलो म्हणतील, त्यांना माफी. आपल्या वरच्या अंगाचा तो कूपर गेला होता, दोर स्वतःच घेऊन गेला. त्याला सोडला म्हणतात.

ग्रेसिया: आणि त्याच्या शेजारचा? तोही दोर घेऊनच गेला होता. त्याचा दोर वापरला. तेवढीच सरकारची बचत.

तॅम्सिन: राजाचे मोठे साहेब आलेत चौकशीला. ते म्हणतात, गव्हर्नरनेच अति केलं, एवढी माणसं लटकवायला नको होती.

ग्रेसिया: ते म्हणतात, आणि गव्हर्नर लटकवतो. तू मला शब्दाचं सांगतेस? मिंगोला विचार. बंडाचा म्होरक्या बेकन तापाने मेला, साहेबलोक कोटाची बटणं लावून आपापल्या घरी गेले, तरी मिंगो आणि बाकीचे नदीच्या वरच्या टोकाला बंदुका घेऊन बसून होते. आमची काळी माणसं आणि तुमचे मुदतीवर आणलेले गोरे, एकाच चुलीवर, एकाच पातेल्यातून खात. मिंगो म्हणतो, तसे दिवस परत येणार नाहीत. मग गव्हर्नरच्या बाजूचा तो जहाजाचा कप्तान आला. दारू पाजली. तोंडभरून म्हणाला, बंदुका ठेवा, आजपासून तुम्ही मोकळे. बरेच जण त्यावरच भुलले. मिंगो आणि थोडे नाही म्हणाले, त्यांना म्हणाला, बरं, तुम्हाला सुरक्षित जागी सोडतो. होडीत बसवलं. होडी पाण्याच्या मधोमध आली, आणि जहाजावरच्या तोफा त्यांच्याकडे वळल्या. तिथून सरळ ज्याच्या त्याच्या मालकाकडे. शब्द म्हणजे काय ते मला नको सांगूस.

तॅम्सिन: नाही सांगत.

हम्फ्री: ताई, बगळ्याला पेज दिलीस का आज?

तॅम्सिन: कुठल्या बगळ्याला?

हम्फ्री: तिकडचा. लव्हाळ्यातला. मोठा आहे. विजार घालतो.

ग्रेसिया: काय म्हणाला हा?

तॅम्सिन: थांब. हम्फ्री, इकडे बघ माझ्याकडे. विजार घातलेला बगळा कधी दिसला तुला?

हम्फ्री: खूप जुनी गोष्ट आहे. झाडांना पानं नव्हती तेव्हाची. तू खुंटावर वाडगं ठेवायचीस आणि मागे न बघता यायचीस. मग तो यायचा, एकेक पाय उचलत. वाडगं चाटून पुसून ठेवायचा. शहाणा बगळा आहे. वाडगं पालथं घालून जातो.

तॅम्सिन: टोबायस घरीही वाडगं पालथंच घालतो. त्याच्या आईची सवय.

ग्रेसिया: गेलं. म्हणजे या सगळ्यांना माहीत आहे.

तॅम्सिन: थांब ना. आठवतंय मला, मागे यांचा हवालदार आला होता. खाडीकाठच्या चिखलात पावलं दिसतात म्हणाला. तेव्हा हाच पुढे झाला आणि म्हणाला, बगळ्याची आहेत, साहेब, मी रोज बघतो त्याला. हवालदार हसला. म्हणाला, तुझ्या गावचे बगळे बूट घालतात का? हा म्हणाला, नाही साहेब, तो अनवाणीच असतो. सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, हा मंदबुद्धीच आहे. मी वाचले ते याच्या मूर्खपणामुळे, असं समजत होते मी.

ग्रेसिया: तेव्हा पाला खाल्ला नव्हता याने?

तॅम्सिन: कुठला पाला, बर्फ होतं तेव्हा.

ग्रेसिया: मग बोलला का नाही? बक्षीस मिळालं असतं.

तॅम्सिन: विचार त्याला.

ग्रेसिया: ए शिपाया. बगळा दिसला तर हवालदाराला का नाही दिलास?

हम्फ्री: त्याच्या घरट्यात पिल्लू रडतं. ऐकू येतं ना, भिंतीपलीकडून. मी भिंतीला कान लावून झोपतो. आमच्याकडे पिल्लू असलं की बगळ्याला दगड मारत नाहीत.

ग्रेसिया: हं.

हम्फ्री: पाणी.

तॅम्सिन: हे घे. सावकाश पी. एक एक घोट.

ग्रेसिया: बरं. चांगला आहे पोरगा. देव भलं करो त्याचं. आता ऊठ.

तॅम्सिन: आणि याला कोण बघेल?

ग्रेसिया: बांध खांबाला.

तॅम्सिन: बांधून बघितलं. गुदमरतो, ओरडतो, नाक निळं पडतं. आणि कोठारात दोघं आहेत. त्यांना पाणी कोण देईल? एकाने सकाळी गवत घशात कोंबून घेतलं होतं, बोटं घालून काढलं मी. हे कधी उतरतं कुणास ठाऊक. आज, उद्या, आठवडाभर? चारी बाजूंनी पाणी आहे इथे.

ग्रेसिया: त्यांचा हवालदार येईल.

तॅम्सिन: तो आला तर होडी पकडली जाईल. नाही आला तर हे मरतील. दोन्ही कसं होईल गं?

ग्रेसिया: तॅम्सिन, माझ्याकडे बघ. तुझ्या नवऱ्याचा गळा आहे त्यात.

तॅम्सिन: माहीत आहे मला. दुसरं काही माहीतच नाही मला हिवाळाभर.

हम्फ्री: ताईने पण बघितलं होतं.

तॅम्सिन: काय बघितलं?

हम्फ्री: मी पाला खुडत होतो तेव्हा. तू दारात उभी होतीस, बाळ खांद्यावर. मी वाटच बघत होतो, तू 'नको' म्हणतेस का. तू काही बोलली नाहीस. मग मला कळलं, चांगला आहे. ताई विषारी असेल तर सांगते. लहानपणी मी लाल फळं तोंडात घातली, तेव्हा ताई किती लांबून धावत आली होती.

ग्रेसिया: पाजत होतीस म्हणालीस.

तॅम्सिन: पाजून झालं होतं.

ग्रेसिया: मला काय सांगतेस. मी असते तर टोपी धरायला गेले असते.

तॅम्सिन: मला नीट ठरवतासुद्धा आलं नाही गं. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात मनात आलं, तिघं झोपले तर टोबायसला आज घरात घेता येईल. एकदा गरम पाण्याने पाय धुऊन देईन त्याचे, एवढंच. तेवढ्यात टोपी भरली.

ग्रेसिया: कुणी दाखवलं होतं तुला ते झाड?

तॅम्सिन: इथल्या मूळच्या पामंकी टोळीतल्या त्या बाईने. चटया विकायला यायची ना, ती. तिचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही, हसायची. मी मुदतीवर होते तेव्हा दातदुखीने लोळत होते, तर तिने हे झाड दाखवलं. हाताने खुणा केल्या. दातावर धुरी घे, चालेल. पोटात नाही. पोटात घेतलं तर असं, म्हणून डोकं गरगर फिरवून दाखवलं, आणि मग डोळे मिटून दाखवले.

ग्रेसिया: तिची चटई ना ही? पोरीखाली घातलीयस ती?

तॅम्सिन: तिच्याच हातची. तिने विकली नाही. टोबायसने आणली. उन्हाळ्यात बेकनसोबत ते सगळे दलदलीत घुसले त्या वेळी.

ग्रेसिया: हं.

तॅम्सिन: मला त्याचं पहिलं चिडणं कळतं गं. त्याचा भाऊ वरच्या मळ्यावर टोळीच्या हल्ल्यात मारला गेला, त्याची बायको, दोन मुलं. सगळे गव्हर्नरकडे गेले, फौज द्या म्हणाले. त्याने नदीच्या तोंडावर किल्ले बांधले आणि त्याचा कर आमच्या तंबाखूवर बसवला. तंबाखूला भाव नाही, त्यात हे. आणि स्वतःचा त्या टोळ्यांशी पाणमांजरांच्या कातड्यांचा धंदा चालूच. कोण चिडणार नाही? मीच टोबायसची बंदूक पुसून दिली होती. पण भावाला मारणारे वेगळे होते, उत्तरेचे. आणि हे गेले ते पामंकींवर. जवळ होते म्हणून. सापडले म्हणून. त्यांनी तर गोळीसुद्धा झाडली नाही, नुसते पळाले, असं टोबायसच म्हणाला. म्हणाला, चटई नवी आहे, बाळाला होईल. मी तेव्हा पोटुशी होते. मी काही बोलले नाही तेव्हाही.

ग्रेसिया: त्याच्यावर रागावलीयस. म्हणून येत नाहीस.

तॅम्सिन: नाही. रागावलेय, पण म्हणून नाही. तेव्हा बोलले नाही, काल बोलले नाही. दर वेळी मी दारात उभी असते आणि बघत असते.

ग्रेसिया: आणि आता या पोराला सांभाळून ते फिटणार?

तॅम्सिन: फिटायचं काय त्यात. हा पाण्यात जाईल, एवढंच आहे. मी आल्बमार्लला पोचेन, ऑड्री पोचेल, आणि रोज मला हा पाण्यात शिरताना दिसेल, बूट घालून, मेंढ्यांना हाका मारत. मी झोपत नाहीच. मग तर कधीच झोपणार नाही.

हम्फ्री: ते धूमकेतूचं शेपूट अजून आहे का आकाशात?

तॅम्सिन: नाही रे. ते कधीच गेलं. तुला कुणी सांगितलं?

हम्फ्री: तूच म्हणायचीस पोरीला झोपवताना. आधी शेपटीचा तारा आला, मग पारवे आले, एवढे की दुपारी दिवे लावले आणि झाडांच्या फांद्या मोडल्या. मग जमिनीतून माश्या निघाल्या आणि सगळी पानं खाऊन गेल्या. आणि मग बाबा बंदूक घेऊन गेला.

ग्रेसिया: हे अंगाईगीत गातेस तू पोरीला?

तॅम्सिन: दुसरं काही येत नाही मला. चाल गोड लावते.

ग्रेसिया: पोरीचं बोल. तिला का ठेवतेस इथे? मिंगो घेईल तिला.

तॅम्सिन: रडली तर? मोठ्या नदीत होड्या असतात.

ग्रेसिया: फडक्याला रम लावून चोखायला देऊ. माझी आई तसंच करायची.

तॅम्सिन: आणि या छातीने दलदलीची रात्रीची हवा? एकदा ठसका लागला तर तिला धरायला मी नाही. नाही, ग्रेसिया. तिला नाही.

ग्रेसिया: बघ, पाणी वळलं. ते वाळकं पान बघ, आत्तापर्यंत आत येत होतं.

तॅम्सिन: बघतेय मी.

ग्रेसिया: मला थांबता येणार नाही. मालकीण संध्याकाळी मीठ मागेल, त्याआधी आम्ही लांब गेलेलं बरं.

तॅम्सिन: थांबू नकोस. हे घे, मक्याच्या भाकऱ्या. कोरडे मोजे आहेत त्यात, त्याचेच. मिंगोलाही होतील, एक जोडी जास्त आहे. त्याला सांग, ऑड्रीच्या खालच्या हिरडीत दात लागतो बोटाला. दिसत नाही अजून, पण लागतो.

ग्रेसिया: तो उतरेल होडीतून. दात ऐकला की उतरेल तो.

तॅम्सिन: म्हणून खाडीचं वळण पार केल्यावर सांग.

ग्रेसिया: आणि तू का आली नाहीस विचारलं तर?

तॅम्सिन: सांग, घरात तीन तान्ही पोरं आणखी आलीत. कालपासून धड डोळा लागला नाही. खोटं नाही ते. आणि सांग, मी येईन. पोरीची छाती सुटली की येईन. कसं ते नको विचारू म्हणावं.

ग्रेसिया: चटई देऊ का त्याला? रात्री ओल फार असते.

तॅम्सिन: नको. ती इथेच राहू दे. ती बाई परत आली तर मागेल.

ग्रेसिया: येणार नाही ती, तॅम्सिन.

तॅम्सिन: माहीत आहे.

ग्रेसिया: पाला याने खाल्ला आणि वेड तुला लागलं. इकडे ये. डोकं पुढे कर. अशी. तुझ्या पोरीला सांग, तिची नाळ मी कापलीय. पहिला चेहरा माझा बघितलाय तिने.

तॅम्सिन: रोज सांगेन. शेपटीच्या ताऱ्यानंतर.

ग्रेसिया: आम्ही नदीत पोचलो की नाही ते तुला कळेल. तोंडाशी बदकं बसलीत, ढीगभर. होडी जाईल तशी उडतील. पुढे बंदुकीचा आवाज नाही आला, तर समज.

तॅम्सिन: समजेन.

ग्रेसिया: येते गं.

हम्फ्री: राणी गेली?

तॅम्सिन: गेली.

हम्फ्री: पीस दिसत नाही मला. पडलं का?

तॅम्सिन: नाही, माझ्याकडे आहे. घे. हम्फ्री, तुझे डोळे मोठे झालेत ना, तुला लांबचं दिसतं का? तिकडे, पाण्याच्या टोकाला?

हम्फ्री: सगळं दूध आहे तिकडे. दुधात काहीतरी हलतंय.

तॅम्सिन: मलाही धुकंच दिसतंय. बस इथे, माझ्याजवळ. हात दे. उठायचं नाही.

हम्फ्री: आपण कशाची वाट बघतोय, ताई?

तॅम्सिन: बदकं उडायची.

हम्फ्री: मग?

तॅम्सिन: मग काही नाही व्हायचं, त्याची.

हम्फ्री: काही नाही कसं ऐकू येतं?

तॅम्सिन: गप्प बसलं की येतं. श्श. उडाली. बघ, उडाली सगळी.

हम्फ्री: पिसं पडतील आता. खूप पिसं.

तॅम्सिन: श्श.

हम्फ्री: ताई, तू माझा हात फार दाबतेस.

तॅम्सिन: दाबू दे जरा. थोडा वेळ. बसतायत ती परत. बसली. बसली रे.

(बऱ्याच दिवसांनंतर. तेच दार, सकाळ.)

हम्फ्री: मालकीणबाई, माझे बूट कुठे असतील?

तॅम्सिन: चुलीपाशी. उठलास? चक्कर येतेय का अजून?

हम्फ्री: नाही. तोंडात जुनी नाणी ठेवल्यासारखं लागतंय. बूट आखडलेत, ओले झाले होते का?

तॅम्सिन: पाण्यात गेला होतास.

हम्फ्री: मी? मला भाजी शिजवल्याचं आठवतं. चरबी घातली होती. मग पुढे काही नाही. एक पीस होतं असं वाटतं. मी काही वाईट वागलो का हो तुमच्याशी? बाकीचे दोघं माझ्याकडे बघत नाहीत आणि एकमेकांकडेही बघत नाहीत.

तॅम्सिन: तू नाही. त्यांनीही नाही काही. मार्था कोण आहे ते मात्र विचारू नकोस त्याला.

हम्फ्री: हवालदार आला होता काल. जेम्सटाउनलाही कुणीतरी हाच पाला खाल्लाय म्हणे, त्यांनाही कोंडून ठेवलंय. तो मला बाजूला घेऊन विचारत होता, त्या बाईने मुद्दाम घातलं का तुमच्या पातेल्यात.

तॅम्सिन: काय सांगितलंस?

हम्फ्री: खुडला मी, शिजवला मी. तुमचा काय संबंध? वर म्हटलं, चारी बाजूंनी पाणी आणि घरात विस्तव, तिघं वेडे आणि तिघंही जिवंत, ते कुणामुळे? तो म्हणाला, तेही खरंच.

तॅम्सिन: हम्फ्री, तू खुडत होतास तेव्हा मी दारात होते.

हम्फ्री: होतात का? आठवत नाही मला.

तॅम्सिन: मला त्या पाल्याची माहिती होती.

हम्फ्री: बरं.

तॅम्सिन: जरा चालायला लागलास की चल माझ्याबरोबर. कुठला खायचा आणि कुठला नाही, दाखवते. तुझा चाकवतही मिळतो इथे, पलीकडच्या बांधावर. कधीच दाखवायला हवा होता.

हम्फ्री: येईन. बाळ बरं आहे? खोकला ऐकू आला नाही रात्री.

तॅम्सिन: सुटली छाती. दात आलाय. हे बघ.

हम्फ्री: आला की. तांदळाएवढा.

तॅम्सिन: पेज घे गरम आहे तोवर.

हम्फ्री: तिकडे लव्हाळ्यात एक बगळा असायचा. मघाशी बघितलं, खुंटावरचं वाडगं तसंच आहे, पावसाचं पाणी साचलंय त्यात.

तॅम्सिन: उडाला तो.

हम्फ्री: दक्षिणेला?

तॅम्सिन: हो.

हम्फ्री: बरं झालं. हवालदार म्हणत होता, पुढच्या आठवड्यात दलदल विंचरून काढायची.

तॅम्सिन: काढू दे.

हम्फ्री: मालकीणबाई, मंगळवारपासून खाडीच्या तोंडावर पहाटेचा पहारा माझ्याकडे आहे. एकट्याकडे. बाकीच्यांना अजून उभं राहवत नाही.

तॅम्सिन: तुला तरी राहवतं का?

हम्फ्री: उभं राहवतं. डोळ्यांचंच काय ते. जवळचं दिसतं, बाळाचा दात दिसला. लांबचं सगळं दूध दिसतं मला, होडी असो की बदक.

तॅम्सिन: हवालदाराला सांगितलंस हे?

हम्फ्री: नाही विचारलं त्याने.